आज्ञा मोडायची मुभा

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचताना थक्क व्हायला होते. तिथे देवाला कुणी ‘नाही’ म्हणतच नाही! प्रकाश व्हावा असे तो म्हणतो, की प्रकाश होतो. पाणी हटते, जमीन वर येते, सूर्यचंद्र कामाला लागतात. बाबिलोनच्या सृष्टिकथेत मार्दुक देवाला आधी तिआमतशी झुंजावे लागते, तिचा देह चिरावा लागतो, तेव्हा कुठे आकाश उभे राहते. इथे नुसता शब्द पुरतो.

दुसऱ्या अध्यायात मात्र आज्ञेचा रंगच पालटतो. एदेन बागेतले कुठलेही फळ खा, पण बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे नको; खाशील त्या दिवशी मरशील, असे देव पहिल्या माणसाला, आदामाला बजावतो. (सफरचंदाचा मूळ कथेत पत्ताच नाही.) न उजळण्याची सोय प्रकाशाला नव्हती. आदामाला खाण्याचीही मुभा आहे, न खाण्याचीही.

गंमत पुढेच आहे. ही तंबी मिळाली तेव्हा पहिली स्त्री हव्वा जन्मलेलीही नव्हती! पुढे फळ खायला फूस लावणाऱ्या सापाशी बोलताना ती म्हणते, त्या फळाला शिवायचेही नाही. देव तर असे बोललाच नव्हता. ही भर कुणाची, हे कथा सांगत नाही. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) जुन्या परंपरेतला किस्सा देतात: सापाने तिला झाडावर ढकलले आणि विचारले, शिवलीस ना, मेलीस का? मग खाऊनही मरणार नाहीस. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणायचे.

हेच राशी पहिल्या अध्यायातही एक बंडखोर हुडकून काढतात: चक्क धरणी! झाडाच्या लाकडालाही फळाची चव असावी असा तिला हुकूम होता. तिने फळे दिली, लाकूड बेचवच ठेवले. म्हणून आदामाने मना केलेले फळ खाल्ले, तेव्हा त्याच्याबरोबर तिलाही शाप भोवला. मला तर हे भाष्य मूळ कथेइतकेच खट्याळ वाटते.

आणि ‘त्या दिवशी मरशील’चे काय झाले? फळ खाऊनही आदाम एकूण ९३० वर्षे जगला, असे पाचवा अध्याय सांगतो. ज्यू पंडितांनी त्यावर तोड काढली: देवाचा एक दिवस म्हणजे माणसाची हजार वर्षे. आदामाला हजारी काही गाठता आली नाही, तेव्हा तो त्याच दिवशी मेला.