शी यौ जी

(पश्चिमयात्रेचा वृत्तांत). चिनी साहित्यातील एक विख्यात अद्भुतरम्य कादंबरी. मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) तिला आजचे स्वरूप आले. तिच्या १०० प्रकरणांची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५९२ मध्ये नानकिंग येथे प्रसिद्ध झाली. तीवर लेखकाचे नाव नाही. ह्वायआन येथील कवी व विनोदी लेखक वू छंग-अन (सु. १५००–सु. १५८२) हा तिचा कर्ता होय, हे मत १९२०–३० या दशकात हू श आणि लू शुन या अभ्यासकांच्या लेखनामुळे रूढ झाले. त्याचा मुख्य आधार म्हणजे ह्वायआनच्या एका जुन्या स्थलवर्णनकोशात वूच्या नावावर याच शीर्षकाच्या ग्रंथाची असलेली नोंद. परंतु तो ग्रंथ कादंबरीच होता, असे त्या नोंदीत म्हटलेले नसल्यामुळे कर्तृत्वाचा प्रश्न निर्विवादपणे सुटलेला नाही.

कादंबरीच्या मुळाशी एक ऐतिहासिक घटना आहे. चिनी बौद्ध भिक्षू ह्यूएनत्संग (सु. ६०२–६६४) हा बौद्ध ग्रंथांच्या शोधार्थ बादशाही परवानगीवाचून चीनबाहेर पडला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन राजधानी छांगआन येथे परतला. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल सांडल्यामुळे तो चार रात्री व पाच दिवस तहानलेला राहिला. पुढे गावछांगच्या राजाने त्याला आग्रहाने अडकवून ठेवले, तेव्हा त्याने अन्नपाणी वर्ज्य करून आपली सुटका करून घेतली. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन त्याने केलेले महाराष्ट्राचे वर्णन मराठी वाचकांस परिचित आहे. या प्रवासाभोवती पुढील शतकांत दंतकथा, कथनपर पुस्तिका व नाटके रचली गेली. त्यांतच भिक्षूच्या सोबतीला एक वानर आला. हा वानर रामायणातील हनुमंतावरून आला असावा, असे हू श यांचे मत होते, तर लू शुन यांनी त्याचे मूळ ह्वाय नदीतील वानररूपी जलराक्षसाच्या चिनी कथेत शोधले.

पहिल्या सात प्रकरणांत शिळेतून जन्मलेल्या सुन वूखुंग या वानराची कथा येते. बहात्तर रूपे घेण्याची विद्या संपादून तो स्वर्गात पुंडाई करतो आणि अखेर बुद्ध त्याला पाचशे वर्षे पर्वताखाली कोंडतो. पुढे थांग बादशाहाच्या संमतीने निघालेल्या भिक्षूचा तो शिष्य बनतो. वराहमुखी जू बाज्ये, नदीतील राक्षस शा वूजिंग आणि पांढऱ्या घोड्याच्या रूपातील नागराजपुत्र हे त्याचे अन्य सोबती. १,०८,००० ली अंतराची ही यात्रा १४ वर्षे चालते आणि तीत ८१ संकटे येतात.

या विस्तृत कथानकाला एकसूत्रता येते ती अन्नामुळे. स्वर्गातील अपराधही बहुधा मेजवानीशीच निगडित आहेत. राखणीस ठेवलेला वूखुंग अमरत्व देणारी पीच फळे स्वतःच फस्त करतो. बाज्ये त्याच फलोत्सवात मद्यधुंद होऊन चंद्रदेवतेची छेड काढतो. शा वूजिंगच्या हातून तेथेच स्फटिकपात्र फुटते. पृथ्वीवर ढकलले गेल्यावर बाज्ये व शा वूजिंग नरभक्षक होतात. शा वूजिंगच्या गळ्यातील नऊ कवट्या त्याने खाल्लेल्या पूर्वीच्या यात्रिकांच्या असतात. पुढे त्याच कवट्यांच्या तराफ्यावरून गुरू नदी पार करतो. नागराजपुत्र भिक्षूचा घोडा गिळतो आणि त्याची भरपाई म्हणून स्वतः घोडा होऊन गुरूला वाहतो. ज्याने भक्षण केले त्यानेच भार वाहावा, असा हा न्याय आहे.

वाटेवरील राक्षसांचीही ओढ अन्नाचीच असते. भिक्षू हा दहा जन्म शुद्ध आचरण केलेला बुद्धशिष्य असल्याने त्याचे मांस खाणारा चिरंजीव होतो, अशी वदंता असते. त्यामुळे त्याला वाफवावे की अन्य प्रकारे शिजवावे, याची त्यांच्यात तपशीलवार चर्चा चालते. श्वेतास्थी राक्षसी तर तरुणीच्या वेषात यात्रिकांना अन्नदान करू पाहते. वूखुंगने तिच्यावर प्रहार केल्यावर भांड्यातील भाताच्या अळ्या झालेल्या दिसतात. तथापि गुरूचा विश्वास बसत नाही व तो शिष्यालाच हाकलून देतो. अनेक राक्षस हे देवांची पळून आलेली वाहने वा सेवक असून, त्यांचे धनी त्यांना शिक्षेवाचून परत नेतात. यात तत्कालीन अधिकारीवर्गावरील उपरोध आढळतो. भिक्षुराज्याच्या प्रसंगात तर आयुष्य वाढविणाऱ्या औषधाच्या अनुपानासाठी १,१११ बालकांची काळजे काढण्याचा, राजाचा सासरा बनलेल्या राक्षसाने सुचविलेला बेत एक मनुष्यच, म्हणजे तेथील राजा, मान्य करतो. अमरत्वाची हाव माणसालाही राक्षस बनविते, हे येथे स्पष्ट होते.

याउलट भिक्षूचा आहार भिक्षेचा व शाकाहारी आहे. भात, टोफू, अळंबी, बांबूचे कोंब यांची वर्णने ठिकठिकाणी येतात; एका लाकूडतोड्याच्या घरी रानभाज्यांचे जे जेवण मिळते, त्यातील भाज्यांची नामावळीच लेखकाने पद्यात दिली आहे. मानवफळांचा प्रसंगही मार्मिक आहे. हजारो वर्षांनी पिकणारी ही फळे तान्ह्या मुलांसारखी दिसतात म्हणून भिक्षू ती नाकारतो, तर बाज्ये आपले फळ चव न घेताच गिळतो आणि मग इतरांना चव विचारतो. बाज्ये या नावात आठ व्रतांचा निर्देश आहे, हा विनोद चिनी वाचकाला सहज कळतो.

वूखुंग एका कोलांटीत १,०८,००० ली, म्हणजे संपूर्ण यात्रेएवढे अंतर कापू शकतो. तरीही गुरूला पाठीवर घेऊन उडणे त्याला शक्य नसते. गुरूने परके देश पायांखाली घातलेच पाहिजेत, असे तो सांगतो. कादंबरीतील प्रवासाचा अर्थ यात सामावला आहे. बुद्धाच्या भूमीतही गुरूकडून भेट न मिळाल्याने आनंद व काश्यप कोरे ग्रंथ देतात. अखेर बादशाहाने दिलेले सोन्याचे भिक्षापात्र अर्पण केल्यावरच लिखित ग्रंथ हाती येतात. अन्न मागण्याचे साधन देऊन ज्ञान मिळते, अशी ही सूचक देवघेव आहे. समाप्तीस वूखुंग बुद्धपदाला पोहोचतो. बाज्येला मात्र वेदीवरील उरलेला नैवेद्य संपविण्याचे काम मिळते आणि त्याची भूक न मारता मार्गी लावली जाते.

ताओ मतानुयायी टीकाकारांनी या कादंबरीत अंतःसाधनेचे रूपक पाहिले, तर हू श यांनी तिच्यातील निखळ विनोदावर भर दिला. आर्थर वेली याने मंकी (१९४२) या नावाने तिचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद केला. अँथनी यू याचा संपूर्ण अनुवाद चार खंडांत (१९७७–८३) प्रसिद्ध झाला. चिनी दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे (१९८६) ती घरोघरी पोहोचली. चित्रपट, व्यंगचित्रपट व संगणकीय खेळ यांतून वूखुंगाचे चरित्र आजही नव्याने रंगविले जाते. या रूपांतरांत युद्धांना प्राधान्य मिळते. मूळ कृतीत मात्र दारोदार भिक्षा मागत चालणाऱ्या, भित्र्या पण निश्चयी भिक्षूचे स्थान वानराच्या पराक्रमाइतकेच महत्त्वाचे आहे.