दारावरचा कौल

सकाळी ७.४५
ब्रसेल्सच्या मध्यातून ७१ नंबरची बस युएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश आवाराकडे निघते तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. बसमधल्या निम्म्या पाठींवर सॅक आणि लॅपटॉपच्या झाकणांवर स्टिकरांची दाटी. जानेवारी सरता-सरता किंवा फेब्रुवारी लागताच येणारा, फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअर परिषदेचा हा शनिवार. हजारो माणसं येतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. या परिषदेची खरी श्रीमंती तीच, आणि माझी अडचणही तीच. आइंडहोवनमधली नोकरी सांभाळून मी इथल्या एका डेव्हरूमच्या, म्हणजे एकाच विषयाला दिलेल्या वर्गखोलीच्या, आयोजनात असते. भाषणं कशी झाली ते श्रोत्यांकडून काढून घ्यायचं, हे काम माझ्या वाट्याचं. पण ज्यांची नावंच घेतली नाहीत, त्यांना नंतर ईमेल कुठे धाडणार? विचारायचं ते दाराशीच, माणूस निसटायच्या आत.

९.१५
दाराच्या आत टेबल, त्यावर तीन रिकामी खोकी: +१, ० आणि −१. ही खूण नवी नाही. अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत मतं अशीच देतात आणि तिथला एक नियम मला फार आवडतो: कोडमधल्या बदलाला −१ द्यायचा तर तांत्रिक कारण सांगावं लागतं, नुसता नकार चालत नाही. आमच्याकडेही −१च्या खोक्याला दोरीने पेन बांधलेलं आहे.

चिठ्ठ्या दोन रंगांच्या. भाषणातलं सॉफ्टवेअर आधीपासून वापरणाऱ्याने निळी उचलायची, पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने पिवळी. सहआयोजकांना हा उपद्व्याप वाटतो. वाटू दे.

१०.३०
पहिलं भाषण. फॉसडेमची स्वतःची सोय आहेच, वेळापत्रकात प्रत्येक भाषणापुढे अभिप्रायाचा दुवा असतो. पूर्वी पेंटाबार्फ ही प्रणाली होती. ती पाच गोष्टींना गुण मागायची: विषय आधी किती माहीत होता, तो किती महत्त्वाचा, आशय, मांडणी, श्रोत्यांचा सहभाग. २०२४मध्ये प्रीटॅल्क्स आली. तिथे नाव न सांगता मोकळ्या चौकटीत हवं ते लिहिता येतं. मोकळी चौकट केव्हाही बरी. पण पेंटाबार्फचा तो पहिला प्रश्न गेला याची मला हळहळ आहे. भाषण 'बरं' झालं असं चाळीस जण म्हणाले, तर त्यातून काय समजायचं? नवख्यांना ते डोक्यावरून गेलं आणि जाणकारांना जांभया आल्या, तरी सरासरी 'बरं'च येते. निळ्या-पिवळ्याची कटकट मी त्यासाठी करते.

११.००
दोन भाषणांमध्ये पाच मिनिटं. आतले बाहेर, बाहेरचे आत, मध्ये केबल सोडवणारा वक्ता आणि केबल जोडणारा वक्ता. या पाच मिनिटांत जो हात खोक्यापर्यंत पोचला तो पोचला. फोनवर नंतर लिहिणारे असतात, पण बहुधा खूश झालेले किंवा चिडलेले. मधली माणसं तोवर फ्राइजच्या रांगेत लागलेली असतात.

दुपारी १२.२०
दारावर 'फुल' असा कागद लागला. खुर्च्या भरल्या की फॉसडेममध्ये कोणालाही आत घेत नाहीत. आगीच्या नियमांपुढे ओळखपाळख चालत नाही, आणि ते योग्यच. बाहेर ताटकळणाऱ्यांना मी मुद्दाम जाऊन विचारते, कशासाठी आला होतात? पुढच्या वर्षी कोणत्या विषयाला जास्त वेळ द्यायचा हे खोलीतल्यांपेक्षा हे लोक नेमकं सांगतात. त्यांच्यासाठी चौथं खोकं मात्र कोणी ठेवत नाही.

२.००
पुण्याहून आलेल्या एका मुलाचं भाषण, परदेशातलं पहिलंच. सुरुवात झकास. दहाव्या मिनिटाला पडद्यावर कोड आलं, काळ्यावर करडं, मुंगीएवढं. मागच्या तीन रांगा पुढे झुकल्या, मग फोनकडे वळल्या. पाच-सहा जण उठून गेले. जाणाऱ्याकडून चिठ्ठी मिळत नाही, म्हणून मी वहीत वेळ टिपते. कोणत्या मिनिटाला माणसं उठली, हा माझ्या मते सगळ्यांत खरा अभिप्राय.

प्रश्नोत्तरं रंगली. पण श्रोत्यांकडे माइक नव्हता आणि त्याने प्रश्न पुन्हा म्हणून दाखवले नाहीत. खोलीतल्यांना ऐकू आलं. थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांना नुसतीच उत्तरं मिळाली.

बाहेर पडताच मला गाठून म्हणाला, "ताई, कसं झालं?"
"संध्याकाळी सांगते. आधी जेव."

४.००
थंडी, पाऊस, कॉफी. काम तेच.

७.१०
खुर्च्या सरळ केल्या, फळा पुसला. उद्या ही खोली दुसऱ्या गटाची.

८.३०
हॉटेलच्या पलंगावर चिठ्ठ्यांचे ढीग. त्या मुलाच्या पिवळ्या जवळपास सगळ्या +१मध्ये, निळ्या बऱ्याचशा ०मध्ये. म्हणजे भाषण चांगलं, पण ते नवख्यांसाठी आहे हे वेळापत्रकात लिहायला हवं होतं. तो दोष आमच्या निवडीचा, त्याचा नाही. एका निळ्या −१वर बारीक अक्षरात लिहिलंय: आधीच्या आवृत्तीचा डेटा नवीत कसा न्यायचा, हे टाळलं.

वक्त्याला आकडे कधीच पाठवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. सात −१ कळून माणूस झोपत नाही, शिकत तर नाहीच. त्याला तीन ओळी लिहिल्या: अक्षरं दुप्पट मोठी कर, प्रश्न आधी मोठ्याने म्हण, मग उत्तर दे, आणि डेटा नेण्याबद्दलचं ते वाक्य, जसंच्या तसं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "ताई, ते टाळलंच होतं. तो भाग अजून नीट चालत नाही. हे कोणी लिहिलंय ते कळेल का? त्यांनाच विचारलं असतं."

कळणार नाही, असं कळवलं. प्रकल्पाच्या नोंदवहीत हाच प्रश्न उघडपणे मांड, चिठ्ठीवाला तिथे वावरत असेल तर सापडेल. खाली रविवारच्या एका भाषणाची खोली आणि वेळ टाकली. त्यातल्या वक्तीने हाच डेटा हलवला आहे.