ऑपरेशन मूल थांबवते, रोग नाही

वस्तीत आरोग्याची बैठक घेताना आम्ही निरोधचा विषय काढला की बऱ्याच बायका म्हणतात, "माझं तर ऑपरेशन झालंय, आता निरोध कशाला?" हा गैरसमज आधी दूर करू या. ऑपरेशनने मूल थांबते. शरीरसंबंधातून होणारा रोग त्याने थांबत नाही.

बाईच्या ऑपरेशनमध्ये बीज येणाऱ्या नळ्या बंद करतात, पुरुषाच्या नसबंदीत शुक्रजंतूंच्या. तांबी गर्भपिशवीत बसते. माला-एन गोळी रोज घ्यायची. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ही सगळी साधने उपयोगाची आहेत आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण परमा, गरमी, एचआयव्ही यांचे जंतू यातले एकही साधन अडवत नाही. मूल आणि रोग या दोन्हींपासून वाचवणारे साधन एकच, ते म्हणजे निरोध. दर वेळी नवा वापरायचा, पाकिटावरची तारीख बघायची आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचे नाही, त्याने तो फाटतो.

पाळीच्या मध्यावर थोडे पाणचट, बिनवासाचे जाणे हा रोग नाही. पण घाण वास, दह्यासारखे जाणे, खाज, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, जांघेत गाठ किंवा जखम असेल तर दवाखाना गाठा. प्रत्येक पांढरे जाणे संबंधातूनच आलेले नसते, बुरशीनेही खाज सुटते. म्हणून घरात संशयाने भांडण्याआधी तपासणी करा.

उलटही ध्यानात ठेवा. बऱ्याच बायकांना लागण होऊनही काही त्रास जाणवत नाही. गरमीची जखम तर दुखतही नाही आणि आपोआप भरून येते. माणसाला वाटते बरे झाले, रोग मात्र रक्तात राहतो. गरोदरपणी तो पोटातल्या बाळाला होतो, बाळ दगावू शकते. म्हणून गरोदर बाईने पहिल्या तपासणीतच एचआयव्ही आणि गरमीसाठी रक्त तपासून घ्यावे. गरमी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरी होते. परमा अंगावर काढला तर बीजनळ्या बंद होतात. मग मूल होत नाही आणि बोल लागतो सुनेला. तिच्या सासूला आमचे सांगणे आहे, अंगारे-धुपारे नकोत, दोघांनाही तपासायला पाठवा.

दोघांना हा शब्द महत्त्वाचा आहे. बायको औषध घेते, नवरा घेत नाही, आणि महिन्याभरात तिला पुन्हा तोच त्रास. नवऱ्याला त्रास नसला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा त्याने औषध घ्यायलाच हवे. उपचार संपेपर्यंत संबंध टाळा, निदान निरोध तरी वापरा. बरे वाटले म्हणून डोस मध्येच सोडू नका.

स्टेशनच्या भिंतीवर 'गुप्तरोग' अशी जाहिरात करणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे लक्षणानुसार रंगीत पाकिटातली औषधे फुकट देतात. एचआयव्हीची तपासणी आणि औषधेही सरकारी केंद्रात फुकट आहेत, नाव गुप्त ठेवतात. फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

हे विषय बोलायचे नसतात असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांची आठवण द्यावी. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव नामंजूर झाला. पण बाळंतपणाचे ओझे बाईने मुकाट सोसावे हे त्यांना मान्य नव्हते.

आज वस्तीत ते ओझे ऑपरेशनच्या रूपाने पुन्हा बाईच्याच अंगावर आहे. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते. टाका लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते, ताकद कमी होत नाही. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यावे लागते. तरी पुरुष मागे सरतात. भावांनो, निदान एवढे करा. बायको तपासणीला निघाली की तिच्याबरोबर जा, केसपेपर दोघांचा काढा. निरोध आशाताईंकडे मिळतो, तो बायकोने मागायची वाट बघू नका.