परिचय मेळाव्याची पुस्तिका आणि गुगलवरचा नंबर

यवतमाळ असो, वणी असो की पुसद, वधू-वर परिचय मेळावा झाला की पुस्तिका निघतेच. मुलीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, मामांचं गाव, घरचा पत्ता आणि वडिलांचा मोबाईल नंबर, सगळं एकाच पानावर. पूर्वी ती कपाटात पडून राहायची. आता तिची पीडीएफ कुणीतरी इंटरनेटवर चढवतं, आणि मुलगी नांदायला जाऊन वर्षं लोटली तरी नाव शोधलं की तो नंबर निघतो. लोक म्हणतात, फोन हॅक झाला. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. आपणच, किंवा आपल्याच माणसांनी चांगल्या हेतूने दिलेली माहिती शोधयंत्राने फक्त गोळा केलेली असते.

म्हणूनच ‘गुगलवरून काढलं की नंबर गेला’ ही समजूत फसवी आहे. पत्ता, फोन, ईमेल शोधातून काढण्याची विनंती गुगलकडे करता येते. एप्रिल २०२२ मध्ये ही सोय वाढवण्यात आली. पण विनंती मान्य झाली तरी मूळ पीडीएफ जागेवरच राहते. आधी ती टाकणाऱ्याला गाठा, फाइल काढून टाकायला लावा, मग गुगलकडे जा. सरकारी संकेतस्थळावरच्या सार्वजनिक नोंदी मात्र गुगल शोधातून काढत नाही.

फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरबद्दल ‘ते माझ्या फोनमध्ये नाहीच’ असंही ऐकू येतं. तुमचं नाव तिथे असायला तुमच्याकडे ते अ‍ॅप असावं लागत नाही. नंबर काढायचा तर त्यांच्या संकेतस्थळावर ‘अनलिस्ट’ची सोय आहे, खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं.

सरकारी याद्यांतूनच नंबर फुटतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं, मोबाईल नसतो. पीएम किसान योजनेच्या गावनिहाय यादीत लाभार्थ्याचं नाव दिसतं. धोका जोडणीत आहे. एका यादीतून नाव आणि गाव, दुसरीकडून नंबर, की राळेगावच्या कापूस उत्पादकाला नावानिशी फोन येतो: ‘तुमचा हप्ता अडकलाय, पाठवलेली फाइल उघडा.’ ती एपीके, म्हणजे अनोळखी अॅप बसवणारी फाइल फोनचा ताबा घेऊ शकते. समोरच्याला आपलं नाव, गाव माहीत आहे म्हणून तो कृषी खात्याचाच, असं अजिबात धरू नका. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९०९ वरची डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) नोंदणी जाहिरातींच्या फोनसाठी आहे, ठग तिला जुमानत नाहीत.

राहिला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल टप्प्याटप्प्याने. माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. पण जी माहिती तुम्ही स्वतःच जगजाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही. फेसबुकवर सर्वांना दिसेल असा टाकलेला बायोडाटा त्यातच मोडतो.

यंदा मेळाव्याचा अर्ज भराल तेव्हा पत्त्याच्या रकान्यात फक्त गाव आणि तालुका लिहा, संपर्कासाठी वेगळं सिमकार्ड ठेवा, आणि पुस्तिका इंटरनेटवर जाणार का हे आयोजक मंडळाला विचारूनच फोटो द्या.