कुणाच्या पेटीतला?

तांबरमच्या पुढच्या नारळीच्या वाडीत मी गेलो ते परागाच्या एका बरणीपायी. चेन्नईच्या दुकानांत पराग शक्तिवर्धक म्हणून मिळतो. परदेशात असाच पराग बंबलबींना घालतात. टोमॅटोच्या काचघरांसाठी या गलेलठ्ठ केसाळ माश्या कारखान्यात वाढवतात, आणि त्यांचं खाणं मात्र मधमाश्यांच्या पायांवरून काढलेलं. ब्रिटनमध्ये आलेल्या अशा ४८ वसाहती तपासल्या, तर ७७ टक्क्यांत परजीवी निघाले. सोबतच्या परागातही होतेच. हे २०१३ साली छापून आलं.

वाडीत मधमाश्या पाळणाऱ्या अक्का मार्तंडमकडच्या. त्यांनी पेटीला धूर दिला, झाकण काढलं, चौकट उचलली. अळ्यांच्या वरच्या अंगाला पिवळी, मातकट, नारिंगी घरं ठासून भरलेली. काडीने एक घर उकरून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवलं. आंबूस वास आला.

"इडलीचं पीठ," अक्का म्हणाल्या.

वास तसाच, पण आतलं काम उलटं. पिठात जंतू वाढत जातात. इथे माशी परागात मध आणि लाळ कालवते, डोक्याने दाबून बसवते. त्यात लॅक्टोबॅसिलससारखे जीवाणू असतातही, पण ॲरिझोनातल्या संशोधकांना २०१४ साली दिसलं की पराग जुना होतो तसे ते घटतच जातात. माश्या पराग आंबवत नाहीत, टिकवतात.

विकाऊ पराग इथवर पोचतच नाही. पेटीच्या दाराशी भोकांची जाळी लावतात. माशी आत घुसताना पायांवरचे गोळे खालच्या ट्रेमध्ये गळतात. मग अनेक पेट्यांचा माल एका पोत्यात. अळ्यांना टणक पांढरं करून मारणारी बुरशीही त्याच पोत्यातून दुसऱ्या पेटीत जाते. किरणोत्सर्गाने पराग निर्जंतुक करता येतो. खर्च कोण करणार?

फुलांच्या टंचाईत पराग विकत घेता का, असं विचारलं.

"कुणाच्या पेटीतला?" अक्कांनी उलट विचारलं. मग १९९१-९२ची गोष्ट निघाली. थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिणेतली सातेरी मधमाशी झोपवली. अळ्या पाण्याने फुगून मरायच्या. "विसात एक पेटी उरली आमच्याकडे." थोड्या वेळाने, चौकट परत बसवताना, पुन्हा: "विसात एक."

परागाऐवजी अक्का सोयाबीनचं पीठ साखरेत मळून चौकटींवर थापतात. माश्यांना ते फारसं रुचत नाही; निम्मं दाराबाहेर टाकलेलं दिसलं. अक्कांनी ते झाडून घेतलं आणि दुसरा गोळा थापला.