रोहिणी ‘मोकळी’ होणे : अर्थ आणि प्रकाशोपचार

‘अँजिओप्लास्टी’ ही संज्ञा मूळ ग्रीक असून तिचा धात्वर्थ ‘वाहिनीस आकार देणे’ असा होतो. नांदेड-लातूरकडील व्यवहारात मात्र रोहिणी आणि नीला हा शास्त्रीय भेद बाजूस राहतो आणि ‘शीर मोकळी झाली’ एवढेच म्हटले जाते. या वाक्प्रयोगात वाहिनी उघडणे व ती उघडी राखणे या दोन भिन्न क्रिया एकवटल्या आहेत.

हृदयरोहिणीतील पहिला फुगा-उपचार आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे केला. फुग्याच्या दाबाने भित्तिकेस इजा होते. ती भरून येताना वाहिनी आक्रसते, स्नायुपेशी वाढतात आणि मार्ग पुन्हा अरुंद होतो. यासच पुनर्संकोच म्हणतात. १९८६ मध्ये आलेल्या स्टेंटने, म्हणजे धातूच्या जाळीने, आक्रसणे रोखले; पुढे औषधलेपित स्टेंटने पेशींची वाढही बरीच आवरली. परंतु पायातील रोहिण्या चालताना वाकतात व पिळवटतात. तेथे जाळी मोडण्याचा संभव असतो.

जाळीवाचून वाहिनी उघडी राखणे हे प्रकाशोपचाराचे प्रयोजन होय. त्याचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात प्रकाशसंवेदी द्रव्य पेशींत मुरवून तिथे विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पोहोचवितात. त्यायोगे प्राणवायू क्रियाशील होऊन वाढू पाहणाऱ्या पेशी नष्ट होतात. मांडीच्या रोहिणीवर लंडन येथे मोजक्या रुग्णांत केलेला असा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्यात फुग्यावरील द्रव्य निळ्या प्रकाशाने जागृत होऊन भित्तिकेतील कोलॅजन व इलॅस्टिन तंतूंना परस्परांशी जोडते, जेणेकरून ताणलेली वाहिनी स्वतःच्याच आधाराने उघडी राहावी. दोन्ही पद्धती अद्याप नित्याच्या उपचारात आलेल्या नाहीत. लेसरने अडथळा काढणे ही क्रिया यांहून निराळी आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आरंभिली गेली, त्यांत नांदेडचा समावेश होता. लातूर २०१३ मध्ये तीत आले. पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव लाभलेल्या या योजनेमुळे हा उपचार सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला. अशा वेळी शब्दार्थाचा घोटाळा क्षुल्लक राहत नाही. ‘मोकळी झाली’ म्हणजे रोग संपला असे समजून स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्त गोठू न देणारी गोळी मनानेच बंद केली, तर जाळीत गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून ‘शीर उघडली आहे, ती आता उघडी राखावयाची आहे’ असे दोन वाक्यांत सांगणे अधिक यथार्थ होईल.