शाळेच्या खोल्या : सही आमची, तर निर्णयही आमचा!

गावच्या जिल्हा परिषद शाळेला नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या की गावाला आनंद होतो. आम्हालाही होतो. पण या खोल्या कोणत्या बाजूला बांधायच्या, मैदानाची किती जागा घ्यायची, कुंपणाची भिंत कुठून काढायची, हे कोण ठरवते? अनेक गावांत ते चार पुढाऱ्यांच्या ओट्यावर ठरते. मग कोणीतरी रजिस्टर घेऊन बौद्धवाड्यात येतो, ‘ताई, इथे सही करा’ म्हणतो आणि न झालेली सभा ‘सर्वानुमते’ पार पडते. ही सहमती नव्हे, सहमतीचे नाटक आहे!

बंधू-भगिनींनो, ही सही किरकोळ नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. कलम 22 नुसार शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते आणि तोच सरकारी नियोजनाचा व अनुदानाचा आधार असतो. म्हणजे ज्या माउलीला केवळ सहीपुरते विचारले जाते, तिला कायद्याने आराखडा करण्याच्या कामात बसवले आहे.

1900 साली साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. पण वर्गात त्यांनी कुठे बसायचे, कशावर बसायचे, हे दुसऱ्यांनी ठरवले. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांच्याबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. ठराव कागदावर राहू नये म्हणून बाबासाहेबांना 1927 साली महाडला जावे लागले. शाळेचे दार असे लढून उघडले आहे. आज आमची मुले बाकावर बसतात. पण तो बाक ज्या खोलीत आहे ती कुठे उभी राहावी, हे अजूनही दुसराच ठरवणार असेल, तर लढाई अर्धीच जिंकली म्हणायची.

‘विकासकामात राजकारण आणू नका’, असा उपदेश आम्हाला लगेच ऐकवला जाईल. प्रश्न विचारणे हे राजकारण, आणि वस्तीला न विचारता तिची पायवाट भिंतीने बंद करणे हा विकास? हा कुठला न्याय!

म्हणून सहीआधी नकाशा आणि अंदाजपत्रक मागा. दर शिक्षकामागे किमान एक खोली, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, अपंग मुलांना अडथळ्याविना प्रवेश, खेळाचे मैदान, हे सारे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. नकाशात ते आहे का, पाहा. जुन्या खोल्या पाडल्यावर मुले कुठे बसणार, ते विचारा. देवळाचा मंडप चालतो, तर बुद्धविहार का चालू नये?

सभा सकाळी अकराला ठेवतात, तेव्हा आमच्या मायबहिणी मजुरीला गेलेल्या असतात. सभा संध्याकाळी घ्या, असा लेखी अर्ज द्या. आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या आणि सभा संपण्यापूर्वी ते वाचून दाखवायला लावा. नकार मिळाला, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत मागा. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. जयंतीला जेवढ्या उत्साहाने आपण वर्गणी काढतो, तेवढ्याच उत्साहाने शाळेच्या सभेला चला.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण पाळतोच आहोत. जिथे शिकायचे ती शाळा कशी बांधली जाते, यावर लक्ष ठेवणे हाही त्याच आदेशाचा भाग आहे. जय भीम!